वाजते वाद्य आणि ठेवणीतले वाद्य



या व्यासपीठावर आजवर इतिहास, अर्थशास्त्र आणि वेदान्त या विषयांचे अधिकारी पुरुष बोलून गेले आहेत. माझा अधिकार त्या जातीचा नाही. लग्नाचे स्वागतसमारंभ, ऑर्केस्ट्रा आणि गणेशोत्सवाचे मांडव यांतून विजेची गिटार वाजवून मी गेली पस्तीस वर्षे संसार चालविला आहे. या धंद्यापायी घरात काही गिटारी आणि काही ध्वनिवर्धक साठत गेले. माणसे मला 'संग्राहक' म्हणू लागली, आणि तो शब्द ऐकून मला बरेही वाटू लागले. पुढे एका प्रसंगाने त्या बरे वाटण्याचा मला संशय आला. तो प्रसंग शेवटी सांगेन. आधी या वाद्याचा थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे.

आवाज पुरेना, म्हणून

मघाशी मी उठलो तेव्हा एका कार्यकर्त्याने या माइकवर टिचकी मारून पाहिली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हा ही टिचकी नव्हती. वक्त्याचा गळा आणि श्रोत्यांचे मौन एवढ्यावर सभा चाले. रंगभूमीवरही तेच. १९२१ साली मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी संयुक्त 'मानापमान' केले, तेव्हा मागल्या रांगेपर्यंत जो सूर गेला तो छातीच्या बळावर गेला. आज मला ते बळ नाही, म्हणून माइक आहे.

गिटारीची कुळकथा हीच आहे. हे मुळात दिवाणखान्यातले मृदू वाद्य. अमेरिकेत १९२० नंतर नृत्यगृहे वाढली, पितळी तुताऱ्यांचे ताफे आले, आणि त्या गलबल्यात गिटारवाला बिचारा हात हलविताना दिसे, ऐकू येत नसे. त्याच्या वाद्याला पोट मोठे करून पाहिले, तारा पोलादी करून पाहिल्या, आत धातूच्या तबकड्या बसवून पाहिल्या. पुरेसे काही झाले नाही.

त्या काळी हवाई बेटांवरील गिटारीचे अमेरिकेत वेड होते. ही गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादी कांडी सरकवीत वाजवतात. आपल्याकडील विचित्र वीणेशी तिचे दूरचे नाते लावता येईल. ती वाजविणाऱ्या जॉर्ज बीचम नावाच्या वादकाने कॅलिफोर्नियात खटपट करून एक यंत्र सिद्ध केले. त्यात नालाच्या आकाराची दोन लोहचुंबके आणि त्यांच्या मध्ये बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे होते. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की त्या वेटोळ्यात तशीच थरथरणारी अल्पशी वीज उत्पन्न होते. त्या विजेला ध्वनिवर्धकातून नेऊन मोठे करायचे आणि कर्ण्यातून बाहेर सोडायचे. एवढेच याचे मर्म. १९३२ साली अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर याच्या कारखान्यातून अशी गिटार विक्रीस आली. गोल पोट आणि लांब दांडी पाहून लोकांनी तिला 'फ्राइंग पॅन' म्हटले. आपण तिला पळी-तवा म्हटले असते. १९३४ साली केलेल्या अर्जावर बीचमला पेटंट मिळाले ते १९३७ साली.

गिब्सन कंपनीने १९३६ साली साध्या, उभी धरून वाजवायच्या गिटारीला असेच यंत्र बसविले. चार्ली ख्रिश्चन या कृष्णवर्णीय तरुणाने १९३९ साली बेनी गुडमन याच्या ताफ्यात ती वाजविली, आणि ताल धरणारी गिटार प्रथमच तुतारीच्या बरोबरीने सूर सांगू लागली. हा गुणी वादक १९४२ साली क्षयाने वारला. वय अवघे पंचवीस.

रेडिओवाल्याची करामत

मात्र पोकळ पोटाच्या गिटारीला एक खोड होती. कर्ण्यातून निघालेला मोठा आवाज तिच्या पोटात शिरे, तारा पुन्हा हलवी, आणि सारे मिळून भयंकर शीळ सुरू होई. सभेत माइक कर्ण्यासमोर आला की जी किंकाळी उठते, तीच ही. उपाय सुचविला तो वाद्य न वाजविणाऱ्या माणसाने.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली त्याने दुकान घातले. आसपासचे वादक आपले बिघडलेले ध्वनिवर्धक त्याच्याकडे आणीत, आणि तो दुरुस्त करता करता त्यांची गाऱ्हाणी ऐके. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती, ती सुरात लावताही येत नव्हती. पण यंत्र कुठे मोडते आणि ते चटकन कसे जोडता यावे, हे त्याला उत्तम कळे. १९५० साली त्याने भरीव लाकडाची फळी कापून तिला पट्टी चार स्क्रूंनी जोडली. पट्टी खराब झाली की दुसरी लावा, हा त्यातला विचार. वाद्याकडे पाहण्याची ही दृष्टी टांगा दुरुस्त करणाऱ्याची आहे, देव्हारा घडविणाऱ्याची नव्हे. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे याच वाद्याचा देव्हारा झाला.

त्या गिटारीचे नाव प्रथम 'ब्रॉडकास्टर' होते. ग्रेच कंपनीने, आपल्या ढोलांचे नाव तसेच असल्याची हरकत घेतली, तेव्हा फेंडरच्या कारखान्यात चिकटपट्टीवरील ते नाव कात्रीने उडविण्यात आले. १९५१ साली 'टेलिकास्टर' हे नाव ठरेपर्यंत गिटारी बिननावाच्याच विकल्या गेल्या. आज संग्राहक ज्या गिटारींसाठी अधिक पैसे मोजतात, त्यांत या बिननावाच्याही आहेत. त्यांचा सूर नाव असलेल्यांहून निराळा नाही. नावाचा अभाव हीच त्यांची किंमत. १९५४ साली फेंडरने 'स्ट्रॅटोकास्टर' काढली. तिची किंमत अडीचशे डॉलरांच्या आसपास होती.

गिब्सननेही १९५२ साली लेस पॉल या नामांकित वादकाच्या नावाची भरीव गिटार काढली. विजेच्या वेटोळ्याला घरातल्या विजेची घरघर ऐकू येते, हा त्यात एक दोष होता. सेथ लव्हर या गिब्सनच्या तंत्रज्ञाने दोन वेटोळी शेजारी ठेवली, आणि दोघांची चुंबके व गुंडाळण्या परस्परविरुद्ध केल्या. तारेचा आवाज दोन्हींत मिळून दुणावतो, घरघर मात्र एकमेकींना खाऊन टाकते. १९५७ पासून हे यंत्र लेस पॉल गिटारीत बसू लागले. १९५८ ते १९६० या काळात कडेला लालसर आणि मध्ये पिवळ्या अशा सूर्यास्ती रंगाच्या गिटारी निघाल्या. खप बेताचाच होता. दोन हजारही झाल्या नसतील. कंपनीने हा घाट बंद केला आणि १९६१ साली निराळाच काढला.

ध्वनिवर्धक हेही वाद्यच

आमच्या धंद्याबाहेरच्या माणसाला वाटते की गिटार हे वाद्य आणि ध्वनिवर्धक ही नुसती पेटी. असे नाही. पखवाजाच्या पुडीचा नाद जसा शाईवर आणि कणकेवर अवलंबून असतो, तसा विजेच्या गिटारीचा नाद व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि कागदी शंकूचा कर्णा यांवर अवलंबून असतो. फेंडरचा 'बॅसमन' हा ध्वनिवर्धक मोठ्या खर्जाच्या गिटारीसाठी काढलेला. १९५८ च्या सुमाराच्या त्याच्या घडणीत दहा इंची चार कर्णे होते. खर्जवाल्यांपेक्षा तो साध्या गिटारवाल्यांनीच अधिक उचलला.

इंग्लंडात डॉलरांच्या टंचाईमुळे १९५१ ते १९५९ अमेरिकन वाद्यांच्या आयातीला बंदी होती. बंदी उठल्यावरही अमेरिकन माल महागच पडे. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ढोलवादकाचे वाद्यांचे दुकान होते. गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून त्याने १९६२ साली आपल्या तंत्रज्ञांकडून बॅसमन उघडवून जवळजवळ तसाच ध्वनिवर्धक घडवून घेतला, पण जे सुटे भाग तिथे मिळाले ते घालून. व्हॉल्व्ह निराळे, कर्णे इंग्रजी, पेटी मागून बंद. नक्कल करायला गेला आणि आवाज निराळाच निघाला. पुढील काळचे सारे गडगडाटी संगीत या चुकलेल्या नकलेवर उभे आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आणखी एक गोष्ट घडली. हे यंत्र त्याच्या ताकदीबाहेर ताणले की व्हॉल्व्ह लाटांचे माथे छाटू लागतात आणि आवाजाला दाटपणा येतो, तो फाटतो पण चिरकत नाही. कारागिराने हा दोष मानला होता. १९६६ साली एरिक क्लॅप्टन या तरुणाने जॉन मेयॉलच्या ताफ्यात गिब्सनची ती बंद पडलेली लेस पॉल गिटार मार्शलच्या ध्वनिवर्धकाला जोडून, कळ भरपूर चढवून, ध्वनिमुद्रण केले. तो आवाज ऐकला आणि शेकडो पोरे तशाच जुन्या गिटारीच्या शोधात निघाली. गिब्सनला १९६८ साली तो घाट पुन्हा सुरू करावा लागला. क्लॅप्टनची ती गिटार मात्र त्याच वर्षी, १९६६ मध्येच, चोरीस गेली. ज्या वाद्याने जगाला संग्रहाचे वेड लावले, ते कोणत्याही प्रसिद्ध संग्रहात नाही.

जुने ते सोने कसे झाले

१९६५ च्या जानेवारीत लिओ फेंडरने आपली कंपनी सीबीएस या मोठ्या संस्थेला एक कोटी तीस लाख डॉलरांना विकली. पुढे काटकसर सुरू झाली आणि काम ढिलावले, अशी वादकांची तक्रार होऊ लागली. तेव्हापासून 'सीबीएसपूर्व' हा शब्द आमच्या धंद्यात 'पेशवाईतला' या अर्थी वापरला जातो. पहिली खरेदी वादकांनीच केली, आणि ती रास्त होती. जुनी वाद्ये चांगली होती आणि शिवाय स्वस्त होती.

किती स्वस्त? १९७० साली क्लॅप्टनने अमेरिकेतील नॅशव्हिल येथे एका दुकानात सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. दर प्रत्येकी शंभर डॉलरांच्या घरात. त्यांतल्या तीन त्याने मित्रांना वाटल्या. उरलेल्या तीन खोलून एकीचे अंग, दुसरीची पट्टी, तिसरीची यंत्रे घेऊन एकच काळी गिटार जुळविली आणि ती पुढे कित्येक वर्षे वाजविली. २००४ साली तिचा लिलाव झाला तो नऊ लक्ष एकोणसाठ हजार पाचशे डॉलरांना. पैसे व्यसनमुक्तीच्या कार्यास गेले. आजचा संग्राहक या घटनेकडे कसा पाहील? तीन अस्सल जुन्या गिटारी खोलून मिसळणे हे त्याच्या शास्त्राप्रमाणे महापातक. तेच पातक प्रसिद्ध हातून घडले म्हणून त्याची किंमत दहा लाखांजवळ गेली.

येथेच थांबले नाही. २००६ साली या काळ्या गिटारीच्या दोनशे पंचाहत्तर प्रतिकृती काढण्यात आल्या. मूळ गिटारीवर जिथे विडीचा डाग होता तिथे डाग, जिथे रंग उडाला होता तिथे उडालेला रंग. किंमत चोवीस हजार डॉलर. त्याआधी १९९५ पासूनच फेंडर कंपनी मुद्दाम झिजविलेल्या नव्या गिटारी विकू लागली होती. नव्या लुगड्याला ठिगळ लावून ते अधिक मोलाने विकावे, तसा हा व्यापार. तरी मी त्याला हसत नाही. झीज ही वापराची खूण असते, आणि माणसाला वापराचे मोल मनोमन कळते, एवढे तरी यातून दिसते. फक्त तो वापर त्याला आयता विकत हवा असतो.

१९५९ सालची सूर्यास्ती लेस पॉल आज काही लक्ष डॉलरांना जाते. नवी असताना ती पावणेतीनशे डॉलरांच्या आत मिळत असे. ज्या हातांसाठी ती घडली, त्या हातांना ती आता परवडत नाही. ती तिजोरीत राहते.

संग्रहाची बाजू

मी संग्राहकांवर उगाच तुटून पडणार नाही. पुण्यात काका केळकरांनी अडकित्ते, दिवे, फण्या आणि वाद्ये जमविली, तेव्हा ती कोणाच्या खिजगणतीत नव्हती. आपल्या दिवंगत मुलाच्या नावाने उभा केलेला तो सारा संग्रह त्यांनी शासनाच्या, म्हणजे तुमच्याआमच्या, स्वाधीन केला. असा संग्रह नसता तर आजोबांच्या घरातला दिवा कसा होता हे नातवाला कळले नसते. गिटारींचेही तसेच. जुनी गिटार कोणी जपून ठेवली, म्हणून तिची लाकडे, वेटोळी आणि रंग यांचा अभ्यास करता आला आणि चांगल्या नव्या गिटारी निघाल्या. डेव्हिड गिलमूरने २०१९ साली आपल्या सव्वाशेच्या आसपास गिटारी विकल्या आणि आलेले दोन कोटींहून अधिक डॉलर पृथ्वीच्या हवामानासाठी न्यायालयात झगडणाऱ्या संस्थेला दिले. लाकूड तर निसर्गाचेच देणे. ब्राझीलची शिसव इतकी तोडली गेली की १९९२ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे. मार्टिनसारखी जुनी अमेरिकन कंपनी १९६९ च्या सुमारास हिंदुस्थानी शिसवीकडे वळली. म्हणजे आपल्या दक्षिणेतील रानांचा तुकडा आज जगभरच्या गिटारींच्या पाठीला आहे. असे लाकूड टाकून देण्यापेक्षा जपलेले केव्हाही बरे.

पण जपणे म्हणजे काय? संग्राहकाच्या शास्त्रात गिटारीचे पडदे बदलले की किंमत उतरते, रंग दिला की निम्मी होते, आतला एखादा सांधा पुन्हा झाळला तरी शंका येते. म्हणजे दुरुस्ती हाच गुन्हा. आपल्या मिरजेच्या सतारमेकरांना हे ऐकवा, ते हसतील. हे घराणे मूळचे शिकलगारांचे, शस्त्रांना पाणी देणारे. शस्त्रांचा काळ सरला तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी घडविण्यास आरंभ केला, जसा पुढे एका रेडिओवाल्याने गिटारी घडविण्यास केला. तंबोऱ्याची घोडी घासून जवारी पुन्हा पुन्हा काढावीच लागते. न काढली तर तंबोरा अस्सल राहील, पण मुका होईल.

आणि ध्वनिवर्धक तर संग्राहकाला थेट शिक्षा करतो. त्यातील काही विद्युत्‌संचायकांत एक पातळ थर असतो, तो वीज मिळत राहिली तरच टिकतो. वर्षानुवर्षे बंद ठेवलेली पेटी एके दिवशी थाटात सुरू करावी, तर ते संचायक फुटतात आणि त्यांच्यापायी ट्रान्सफॉर्मरही जळतो. माझ्या घरचा एक जुना ध्वनिवर्धक मी असाच गमावला. सहा वर्षे त्यावर मखमली आच्छादन होते. तो मी वाजवून मारला नाही, जपून मारला.

वहिनींचा प्रश्न

आता तो प्रसंग. मला ज्यांनी गिटार शिकविली ते आमच्या ऑर्केस्ट्रातले ज्येष्ठ वादक काही वर्षांपूर्वी निवर्तले. मी त्यांना दादा म्हणत असे. त्यांची गिटार साठीच्या दशकातली, जपानी, जहाजावर नोकरी करणाऱ्या एका गोमंतकीय वादकाकडून घेतलेली. त्या दिवसांत परदेशी वाद्य आणणे मोठे दुर्घट होते. त्यांचा ध्वनिवर्धक गावातल्याच रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने बनविलेला. पेटी पॅकिंगच्या खोक्याच्या लाकडाची, ट्रान्सफॉर्मर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला, व्हॉल्व्ह बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे. फुलर्टनमध्ये जे घडले ते आपल्या गावातही घडले होते. इतिहासात त्याची नोंद नाही, एवढेच.

तेरावे झाल्यावर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला यातले कळते. याचे काय येतील हो?"

मी संग्राहकाच्या डोळ्यांनी पाहू लागलो. पडदे तीनदा बदललेले. खुंट्या मूळच्या नव्हेत. रंग दादांनी स्वतः ब्रशने दिलेला. एक वेटोळे पुन्हा गुंडाळलेले. ध्वनिवर्धकात मूळचे असे फार थोडे उरलेले. माझ्या शास्त्राप्रमाणे किंमत जवळजवळ शून्य. आणि मग माझ्या लक्षात आले, की मी ज्या ज्या खुणेला वजाबाकी करीत होतो, ती ती खूण म्हणजे दादांचे एकेक दशक होते. पडदे झिजले कारण ते रोज वाजवीत. त्या वाजविण्यावर वहिनींच्या दोन मुली शिकल्या. न वाजविता पेटीत ठेवली असती तर आज गिटारीला किंमत आली असती, आणि मुलींचे शिक्षण झाले नसते.

वहिनींना मी खरे ते सांगितले. "बाजारात फार येणार नाहीत. पण वाजते उत्तम." त्या म्हणाल्या, "मग वाजू द्या." त्यांना पैशांची गरज नव्हती असे नाही. म्हणून मी माझ्या संग्रहातल्या, कधी न वाजणाऱ्या दोन गिटारी विकल्या आणि ती रक्कम गुरुदक्षिणा म्हणून त्यांच्या हाती ठेवली. दादांची गिटार आणि ती खोक्याची पेटी आज आमच्या ऑर्केस्ट्रातला एक विद्यार्थी वाजवितो. मागल्या वर्षी त्याने चौथ्यांदा पडदे बदलले.

माझ्या घरात अजूनही चार गिटारी आणि तीन ध्वनिवर्धक आहेत. त्यांना मी एक नियम लावला आहे. जे वाद्य वर्षभरात एकदाही मांडवात गेले नाही, ते पुढल्या वर्षी दुसऱ्या वाजविणाऱ्याच्या घरी जाईल. आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर आजोबांची पेटी, आत्याची सतार किंवा एखादी बुलबुलतरंग असेल. ती खाली काढा. किंमत विचारण्याआधी तिला सूर आहे का ते पाहा, नसेल तर दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, आणि घरात कोणी वाजविणारे नसेल तर शेजारी शोधा. एवढीच विनंती.